ब्लॉकचेनची परिभाषा : हैदराबादच्या चिट फंडाच्या वहीतून

ब्लॉकचेन हा शब्द बहुतेकांच्या कानावर पडतो तो बिटकॉइनच्या जोडीने, त्यामुळे दोन्ही एकच असा समज होतो. हा समज दूर करायला हैदराबादचे उदाहरण उपयोगी पडते. तेलंगण सरकारने ब्लॉकचेनचा एक उपयोग केला तो कोणत्याही नाण्यासाठी नव्हे, तर चिट फंडांसाठी. ‘टी-चिट्स’ हे त्या व्यवस्थेचे नाव.

चिट फंड म्हणजे आपल्याकडील भिशीचे नोंदणीकृत, मोठे भावंड. समजा, २० सभासद दरमहा ५ हजार रुपये भरतात. जमलेल्या १ लाखासाठी लिलाव होतो. जो सर्वांत कमी रकमेवर समाधान मानेल त्याला ती मिळते आणि सोडलेली रक्कम चालकाचे कमिशन वजा जाता सभासदांत लाभांश म्हणून वाटली जाते. १९८२ च्या कायद्याने प्रत्येक चिटची नोंदणी निबंधकाकडे करणे बंधनकारक आहे, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालकाला जास्तीत जास्त ७ टक्के कमिशन घेता येते. एवढे असूनही दुखणे राहते ते वहीचे. लिलावात बोली खरोखर कोणी लावली, हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला, हे चालकाच्या वहीत असते आणि वही चालकाच्या कपाटात.

ब्लॉकचेनमध्ये ही वही बदलते. तिच्या एका पानाला ‘ब्लॉक’ म्हणतात. पान भरले की त्यातील संपूर्ण मजकुरावर गणिती प्रक्रिया होऊन ठराविक लांबीची एक अक्षर-अंकांची खूण तयार होते, ती ‘हॅश’. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी हॅश पूर्णपणे वेगळी येते. पुढच्या पानावर मागच्या पानाची हॅश लिहिलेली असते, म्हणून पानांची साखळी बनते. तिसऱ्या पानावर कोणी खाडाखोड केली, तर चौथ्यापासून शेवटच्या पानापर्यंतच्या सगळ्या खुणा जुळेनाशा होतात.

अशी वही एकाच ठिकाणी असेल, तर ती सबंधच नव्याने लिहिता येईल. म्हणून तिच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवतात. असा प्रत्येक संगणक म्हणजे ‘नोड’, आणि नवे पान खरे मानण्यासाठी नोड ज्या नियमाने एकमत करतात त्याला ‘कन्सेन्सस’ म्हणतात. बिटकॉइनची साखळी ‘सार्वजनिक’ आहे, तिथे कोणीही नोड चालवू शकतो. बँका व सरकारी खाती सहसा ‘परवानगीची’ साखळी पसंत करतात, जिथे नोंद करणारे आधीच ठरलेले असतात. रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या हैदराबादच्याच ‘आयडीआरबीटी’ या संस्थेने बँकिंगमधील ब्लॉकचेनच्या उपयोगावर जानेवारी २०१७ मध्ये श्वेतपत्रिका काढली होती.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण जाहिराती ती सांगत नाहीत. साखळी नोंद जपते, नोंदीचा खरेपणा तपासत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर चुकीचे नाव चढले आणि तो उतारा ब्लॉकचेनवर टाकला, तर चूक तशीच, पण अधिक पक्की होऊन राहील. हैदराबादच्या चिटमध्येही निबंधकाचे काम संपत नाही. वाद उद्भवला तर कायद्याने तो त्यांच्याकडेच जातो.

आता नाण्यांकडे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला. नवे पान जोडण्याचा हक्क मिळवण्यासाठी संगणक हॅशचे कोडे सोडवण्याची स्पर्धा करतात, तिला ‘मायनिंग’ म्हणतात. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. सुरुवातीला ती एका ब्लॉकमागे ५० होती. दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर हे बक्षीस निम्मे होते, याला ‘हाविंग’ म्हणतात. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत.

‘वॉलेट’ हा शब्द फसवा आहे, कारण त्यात नाणी नसतात. नाणी म्हणजे साखळीवरील नोंदी. वॉलेटमध्ये असते ती ‘प्रायव्हेट की’, म्हणजे त्या नोंदी पुढे वळवण्याचा सहीचा अधिकार. ती हरवली तर परत देणारी बँक नाही. ‘एक्स्चेंज’वर नाणी ठेवल्यास ही किल्ली प्रत्यक्षात एक्स्चेंजकडे असते. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली आणि खातेदारांची चलने दीर्घकाळ अडकून पडली. साखळी त्या वेळीही शाबूत होती, फसली ती सह्यांची व्यवस्था.

‘कॉइन’ स्वतःच्या साखळीवर चालते, ‘टोकन’ दुसऱ्याच्या साखळीवर. टोकन काढणे तुलनेने सोपे असते, म्हणूनच ते काढणारा कोण हे विचारावे. पुण्यात गाजलेल्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात बिटकॉइन गुंतवणाऱ्यांना १८ महिने दरमहा १० टक्के परतावा देऊ केला होता. नंतर परतावा बिटकॉइनऐवजी योजनेच्या स्वतःच्याच ‘एमकॅप’मध्ये मिळू लागला, ज्याचे मोल अत्यल्प होते.

‘डिजिटल रुपया’ या सगळ्यांपासून वेगळा. तो रिझर्व्ह बँकेचा आहे, म्हणजे नोटेइतकाच रुपया. सामान्यांसाठीची त्याची चाचणी १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. विस्ताराच्या यादीत हैदराबादही होते.

खाजगी आभासी चलने बाळगणे भारतात गुन्हा नाही, पण ती कायदेशीर चलनही नाहीत. रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि अधिभार लागू झाला, तर जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का उगमकर कापला जाऊ लागला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करण्याची मुभाही त्या तरतुदींत नाही.