गाण्यात अमर झालेले गुरू : अँथनी गोन्साल्विस

'अमर अकबर अँथनी' (1977) या चित्रपटात भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ बच्चन जे नाव सांगतो, ते काल्पनिक नाही. अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक व संगीत संयोजक होते आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. गाण्यामुळे नाव घराघरांत पोहोचले. त्या नावाचा माणूस मात्र रसिकांना दीर्घकाळ अपरिचितच राहिला.

गोन्साल्विस यांचा जन्म 1927 मध्ये दक्षिण गोव्यातील माजोर्डा येथे झाला. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे शिक्षक होते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. हीच शिदोरी घेऊन गोन्साल्विस 1943 मध्ये मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले.

चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद तेव्हा मोठा होऊ लागला होता. संगीतकार पेटीवर चाल बांधत. परंतु प्रत्येक वादकाने नेमके काय वाजवायचे, हे स्वरलिपीत उतरविण्याची विद्या फार थोड्यांकडे होती. ते काम संयोजकाकडे येई. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा, तर सी. रामचंद्र यांच्यासाठी चिक चॉकलेट या गोमंतकीयांनी ते केले. 'महल' (1949), 'ढोलक' (1951), 'नया दौर' (1957) या चित्रपटांशी गोन्साल्विस यांचे नाव जोडले जाते. मात्र पडद्यावरील श्रेयनामावलीत संयोजकाला क्वचितच स्थान मिळे. मिळालेच तर 'सहायक' म्हणून.

वादनाइतकाच त्यांचा पिंड शिक्षकाचा होता. वांद्र्यातील त्यांच्या घरी अनेक तरुण व्हायोलिन व स्वरलेखन शिकले. ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांचे पुत्र प्यारेलाल बालवयातच त्यांच्याकडे आले. राहुलदेव बर्मन हेही त्यांचे विद्यार्थी.

भारतीय राग आणि पाश्चात्त्य सिंफनी यांचा मेळ घालणे, हा गोन्साल्विस यांचा ध्यास होता. रागसंगीत एका स्वररेषेवर चालते, तर सिंफनीत अनेक स्वररेषा एकाच वेळी नांदतात. रागाचे रूप न मोडता या दोहोंना एकत्र आणणे कठीण होते. त्यासाठी त्यांनी 'सोनाटिना इंडियाना' आणि राग सारंगावर आधारित कॉन्चेर्टो रचला. 1958 मध्ये शंभराहून अधिक वादकांचा 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारून त्यांनी मुंबईत या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. परंतु एवढा मोठा वाद्यवृंद टिकवून धरणे एकट्याच्या आवाक्यातले नव्हते.

1965 मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. तेथून परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर राहून ते माजोर्ड्याला स्थायिक झाले. ते गावी असतानाच लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतात आनंद बक्षी यांचे ते गाणे आले. नायकाच्या नावात 'गोन्साल्विस' घालण्याची सूचना प्यारेलाल यांचीच होती. शिष्याने वाहिलेली ही गुरुदक्षिणा होती.

समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आणि पडद्यामागचा हा कलावंत उतारवयात लोकांसमोर आला. जानेवारी 2012 मध्ये, वयाच्या 84 व्या वर्षी गोव्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मात्र आजही त्या गाण्याबरोबर ऐकू येते.