चार मितींच्या दोन आकारांचा डिफ

दोन ग्राफ सारखे आहेत का, हे तपासणारा एक छोटा पायथन प्रोग्राम मी ऑफिसच्या कामासाठी लिहिला होता. तोच घरी चार मितींच्या आकारांवर चालवला आणि तोंडावर पडलो. आजचा एपिसोड त्यावरच.

पृथ्वी गोल आहे, पण अंगणातून सपाटच दिसते. तसं, ज्या आकारात कुठेही उभं राहिलं तरी जवळपासची जागा साध्या चार मितींच्या जागेसारखी भासते, तो चार मितींचा मॅनिफोल्ड. तो डोळ्यांपुढे येत नाही. मग फाइलमध्ये लिहायचा कसा?

१९७० च्या दशकात दोन वाटा निघाल्या. एक अमेरिकेतले रॉबिअन कर्बी यांच्या नावाची, १९७८ च्या त्यांच्या शोधनिबंधामुळे. आकार 'हँडल' नावाचे तुकडे चिकटवत बांधायचा. कुठलं हँडल कसं चिकटवलं, हे सांगायला दोरीच्या एकमेकींत अडकलेल्या कड्या काढायच्या आणि कडीवर एक पूर्णांक लिहायचा. एकच साधी कडी, तिच्यावर १, की झाला कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह प्लेन! तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारची हँडल्स तर काढावीच लागत नाहीत. ती एकाच तऱ्हेने बसतात, हे लाउदेनबाख आणि पोएनारू यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं.

दुसरी वाट इटलीतल्या मोडेनाची. (हो, एन्झो फेरारी जन्मले ते मोडेना.) मारिओ पेझ्झाना यांचा निबंध तिथल्या विद्यापीठाच्या नियतकालिकात १९७४ मध्ये आला. त्रिकोणाचा चार मितींतला भाऊ घ्या. त्याला पाच कोपरे, प्रत्येकाला वेगळा रंग. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ठिपका. दोन तुकडे लाल कोपऱ्यासमोरच्या बाजूने चिकटले, तर त्या ठिपक्यांमध्ये लाल रेघ. म्हणजे प्रत्येक ठिपक्यातून पाच रंगांच्या पाच रेघा निघतात. बस्स, एवढंच. कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह प्लेन यात ८ ठिपक्यांत आणि २० रेघांत मावतो. माझ्यासारख्याला हे कड्यांपेक्षा जवळचं वाटतं, कारण ही सरळ डेटा स्ट्रक्चर आहे.

बरीच वर्षं कड्यावाले आणि ठिपकेवाले आपापल्या गल्लीत होते. मोडेनाच्याच मारिया रीता काझाली यांनी २००० मध्ये कड्यांच्या चित्रावरून रंगीत ग्राफ बनवायची रीत दिली. पुढे पाओला क्रिस्तोफोरी यांच्यासोबत ती आणखी वाढवली. २०२४ मध्ये तर कड्यांचं चित्र घेऊन तुकडे जोडून देणारं सॉफ्टवेअरही आलं.

आता माझी फजिती. मी ८ ठिपक्यांचा ग्राफ घेतला, नियमात बसेल असे दोन ठिपके जास्तीचे घातले आणि तुलना केली. उत्तर आलं : 'वेगळे'. पण आकार तर तोच होता! एकाच आकाराचे असंख्य ग्राफ असतात. एकातून दुसऱ्यात नेणाऱ्या चाली फेर्री आणि गाल्यार्दी यांनी १९८२ मध्ये सांगितल्या. किती चाली लागतील ते मात्र कुणी आधी सांगू शकत नाही. रशियन गणिती मार्कोव्ह यांनी १९५८ मध्येच सिद्ध केलं होतं की कुठलेही दोन चौमिती आकार एकच आहेत का, हे हमखास ठरवणारा अल्गोरिदम असूच शकत नाही. मी कोड अजून ऑप्टिमाइझ करत बसलो होतो, बोला!

आणि सगळ्यात भारी उदाहरणात आपल्या देशाचा हात आहे. बिप्लब बसाक (तेव्हा बंगळुरूच्या आयआयएससीत) आणि योनाथन श्प्रेअर यांनी २०१६ च्या निबंधात 'के३' नावाच्या प्रसिद्ध आकाराचा १३४ ठिपक्यांचा ग्राफ दिला. यापेक्षा कमी ठिपक्यांत तो बसत नाही. त्यावरून दोन ग्राफ मिळतात. दोन्हींत १४० ठिपके, ३५० रेघा, आकाराला कोपरे पाचच, कडा दहाच. रबरासारखं ताणून-वाकवून बघितलं तर दोन्ही आकार एकच. हे मायकल फ्रीडमन यांच्या सिद्धांतातून येतं. पण तुकड्या-तुकड्याने, घडी न मोडता एकावर दुसरा बसवायला गेलात, तर कधीच बसणार नाही. हे कळलं ते सायमन डोनल्डसन यांनी भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून काढलेल्या गणितामुळे.

आता त्या ३५० रेघांची फाइल तयार करायला घेतलीय. झाली की पुढच्या एपिसोडच्या वेळी तुम्हालाही देतो.