आनंदीबाईंच्या कॉलेजचं दप्तर फिलाडेल्फियात; ते वाचायला जायचं तर पैसे कोण देतं?

साडीतल्या आनंदीबाई जोशी, सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. १८८५ मधला हा फोटो तुम्हीही कधी ना कधी व्हॉट्सॲपवर पाहिला असेल.

हा फोटो फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजच्या अभिलेखागारात, म्हणजे आर्काइव्हमध्ये आहे. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी 'विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया'तून डॉक्टर झाल्या. पुढे त्या कॉलेजचं नाव बदललं, विलीनीकरणं झाली आणि जुनं दप्तर शेवटी ड्रेक्सेलकडे आलं. प्रवेश मिळावा म्हणून आनंदीबाईंनी १८८३ मध्ये लिहिलेलं पत्र आणि हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरचा त्यांचा प्रबंधही तिथेच आहे.

फोटो आणि प्रबंध आता घरबसल्या स्क्रीनवर दिसतात. मग अमेरिकेला कशाला जायचं?

कारण स्कॅन होतं ते बहुतेक वेळा प्रसिद्ध माणसांचं. परदेशातून आलेल्या मुलींची फी कोण भरत होतं? त्यांच्याविषयी प्राध्यापक आपसात काय बोलत होते? शिकून परत गेल्यावर त्यांचं काय झालं? असे प्रश्न घेऊन बसायचं तर एक कागद पुरत नाही. पेट्यांमागून पेट्या उपसाव्या लागतात. कॅटलॉगमध्ये पेटीवर 'पत्रव्यवहार' एवढंच लिहिलेलं असू शकतं. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

पैसे नेमके कशासाठी मिळतात?

अशी जुनी वैद्यकीय कागदपत्रं वाचायला सहसा फी लागत नाही. खर्च होतो तो तिथे पोहोचण्याचा आणि राहण्याचा. त्यासाठी काही ग्रंथालयं स्वतःच छोट्या फेलोशिप देतात.

सगळ्यात सोपं उदाहरण बोस्टनच्या काउंटवे लायब्ररीचं. हार्वर्डच्या या वैद्यकीय ग्रंथालयात १८७५ मध्ये स्थापन झालेल्या 'बोस्टन मेडिकल लायब्ररी'चा संग्रहही आहे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना इथे ५,००० डॉलर्सपर्यंतची फेलोशिप दिली गेली आहे. आजच्या हिशोबाने चार लाख रुपयांहून जास्त. त्यात प्रवास, राहणं आणि किरकोळ खर्च धरलेला असतो. रोज घरून ये-जा करता येणार नाही इतक्या लांबच्या अर्जदारांना प्राधान्य मिळतं. बदल्यात एक व्याख्यान द्यायचं आणि अहवाल लिहून द्यायचा.

रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण मुंबईहून विमानाचं तिकीट, व्हिसा आणि बोस्टनमधलं भाडं वजा केलं की हातात काही आठवड्यांचंच काम उरतं.

याच ग्रंथालयात स्त्री डॉक्टर आणि स्त्री आरोग्यसेविकांच्या इतिहासासाठी वेगळी फेलोशिपही दिली गेली आहे. तिचे पैसे स्त्री डॉक्टरांच्या इतिहासासाठी काम करणारी एक संस्था देते. ड्रेक्सेलमध्येही डॉ. लुईस ग्लोकनर यांच्या नावाने ४,००० डॉलर्सची उन्हाळी फेलोशिप होती. ग्लोकनर त्याच जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी. अमेरिकेची राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय संस्था (एनएलएम) हृदयशल्यविशारद मायकेल डिबेकी यांच्या नावाने १०,००० डॉलर्सपर्यंत देत आली आहे.

यात एक गोष्ट लक्षात येते. देणगीदाराला ज्या विषयाची ओढ, त्या विषयावर संशोधन होतं. स्त्री डॉक्टरांसाठी कुणी निधी ठेवला म्हणून त्यांच्या पेट्या उघडल्या गेल्या. सुईणी, कंपाउंडर, वॉर्डबॉय यांच्यासाठी असा निधी क्वचितच कुणी ठेवतं.

मराठी येणाऱ्यांचा इथे काय संबंध?

आनंदीबाईंच्या आयुष्याचे कागद दोन भाषांत आणि दोन खंडांत विखुरले आहेत. कॉलेजचा कारभार इंग्रजीत, तर गोपाळरावांशी पत्रव्यवहार मराठीत. फिलाडेल्फियात राहणाऱ्या अभ्यासकाला पेटी जवळ आहे, पण मराठी पत्र वाचता येईलच असं नाही. पुण्यातल्या अभ्यासकाचं बरोबर उलटं. दोन्ही बाजू एकाच माणसाने ताडून पाहायच्या असतील, तर त्याला प्रवासाचा खर्च कुणीतरी द्यायला हवा.

माणूस नाही, तर कागदच पोहोचवायचे?

हाही एक मार्ग आहे. ब्रिटिश इंडियाच्या काळातले रोग, लसीकरण, वेड्यांची इस्पितळं यांवरचे सरकारी अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने वेलकम ट्रस्टच्या पैशांतून स्कॅन केले. ते कुणालाही मोफत वाचता येतात. अर्थात ते साहेबाने लिहिलेले अहवाल आहेत, रुग्णाचा आवाज त्यात शोधावा लागतो. ब्रिटिश लायब्ररीचा 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम' २००४ पासून वेगळ्या पद्धतीने चालतो. नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या कागदांच्या डिजिटल प्रती काढायला तो अनुदान देतो आणि मूळ कागद त्या-त्या देशातच राहतात. इथल्या एखाद्या जुन्या दवाखान्याच्या किंवा वैद्य घराण्याच्या दप्तरासाठी विचार करावा असा हा पर्याय आहे.

अर्जात काय लागतं?

काउंटवेसारख्या ठिकाणी पाचेक पानांचा प्रस्ताव, खर्चाचा अंदाज, बायोडेटा आणि दोन शिफारसपत्रं मागितली जातात. प्रस्तावात कोणते संग्रह पाहायचे हे नावानिशी लिहावं लागतं. 'मला आनंदीबाईंवर काम करायचंय' एवढ्याने भागत नाही.

म्हणून अर्जाआधी तिथल्या आर्काइव्हिस्टला ईमेल करणं उत्तम. कोणती पेटी खुली आहे आणि कोणती नाही, हे त्यांनाच माहीत असतं. अमेरिकेच्या आरोग्य गोपनीयता नियमांत रुग्णाच्या नोंदींना मृत्यूनंतरही ५० वर्षं संरक्षण आहे. हा नियम प्रत्येक अभिलेखागाराला लागू नसला, तरी काहींचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. रक्कम, मुदत आणि परदेशी अर्जदारांसाठीच्या अटी दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे त्या-त्या वर्षाची जाहिरात वाचूनच तयारीला लागा.