धुराचा मंत्री कोण?

शुक्रवार, ५ डिसेंबर १९५२. लंडनमध्ये संध्याकाळ झाली आहे आणि तुमची बस थांबली आहे, कारण ड्रायव्हरला पुढचा रस्ताच दिसत नाही. कंडक्टर खाली उतरतो, पेटता टेंभा हातात घेऊन बसच्या पुढे चालू लागतो आणि ती दुमजली बस त्याच्या पावलांच्या वेगाने मागून सरकते. थोड्या वेळाने तुम्हीही उतरता. फूटपाथची कड पायाने चाचपत, भिंतीला हात लावत चालता. स्वतःचे बूट दिसत नाहीत. तोंडात गंधकाची चव आहे. नाकावरचा रुमाल बाजूला घेतलात तर त्यावर काळा डाग पडलेला.

वारा पडलाय. वर गरम हवेचा थर बसलाय आणि त्याखाली सगळं शहर कोंडलंय. थंडी कडाक्याची, म्हणून घरोघरी कोळसा जळतोय, आणि तोही हलका. चांगला कोळसा परदेशी विकून देशाला पैसा हवा आहे, घरच्या चुलाणात ‘नटी स्लॅक’ नावाची स्वस्त चुरी. नदीकाठचं बॅटरसीचं वीजकेंद्रही कोळशावरच. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात प्रेक्षकांना रंगमंच दिसेना म्हणून ऑपेरा अर्ध्यावर थांबवतात. मंगळवारी, ९ तारखेला वारा सुटतो. तोवर शवपेट्या कमी पडू लागल्या आहेत आणि फुलवाल्यांकडे फुलं उरलेली नाहीत.

ही धुक्याची कथा अनेकांनी सांगितली आहे. तुम्हाला घेऊन जायचंय ते धुकं उठल्यानंतरच्या महिन्यांत, वेस्टमिन्स्टरच्या सभागृहात. माणसं गेली हे सगळ्या शहराला माहीत असताना सरकारकडून ते वदवून घ्यायला किती कष्ट पडतात, ते तिथे दिसतं.

१८ डिसेंबर. आरोग्यमंत्री इयान मॅक्लिऑड यांचं उत्तर सभागृहापुढे आलं आहे. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये सर्व कारणांनी मिळून ४,७०३ मृत्यू झाले; आदल्या वर्षी त्याच आठवड्यात १,८५२. दोनच आकडे. त्यांच्याबरोबर शोक नाही, खुलासा नाही, दोष कुणावरच नाही. पण ते एकमेकांशेजारी ठेवले की वजाबाकी कुणीही करतं: एका आठवड्यात २,८५१ माणसं जास्त. हे मंत्र्याच्या खात्याने दिलेले, हॅन्सार्डच्या, म्हणजे संसदेच्या अधिकृत कार्यवृत्ताच्या, छापील पानावर गेलेले आकडे आहेत. ते आता मागे घेता येणार नाहीत. संसदीय प्रश्नाची खरी ताकद मला इथे दिसते. चांगला प्रश्न सरकारकडून एक आकडा काढून घेतो आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला त्या आकड्यावर पाय देऊन उभं राहता येतं.

आता मंगळवार, २७ जानेवारी १९५३. दुपारी अडीचला सभागृह भरतं, प्रार्थना होते, मग तुम्हाला वरच्या प्रेक्षक गॅलरीत सोडतात. खाली हिरवी बाकं. जुनं सभागृह १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं, हे १९५० मध्ये उघडलेलं नवं. गॅलरीतले वार्ताहर शॉर्टहँडच्या वह्या उघडून बसलेत. सदस्यांच्या हातात दिवसाची प्रश्नसूची आहे. तोंडी उत्तर हव्या असलेल्या प्रश्नापुढे छोटी तारकाखूण. आपल्या विधानभवनातला ‘तारांकित प्रश्न’ इथूनच आला आहे.

अध्यक्ष नाव पुकारतात. डार्टफोर्डचे मजूर पक्षाचे सदस्य नॉर्मन डॉड्स उठतात, फक्त प्रश्नाचा क्रमांक सांगतात आणि बसतात. धुराविरुद्धच्या कायद्याबद्दलचा त्यांचा प्रश्न छापलेला आहे, वाचायची गरज नाही. (याच डॉड्सनी १९५० आणि १९५१ च्या निवडणुकांत डार्टफोर्डमध्ये मार्गारेट रॉबर्ट्स या तरुण उमेदवाराला हरवलं होतं. पुढे ती थॅचर या नावाने पंतप्रधान झाली.)

उत्तराला उठतात हॅरोल्ड मॅकमिलन. इथे जरा थांबा, कारण ते आहेत गृहनिर्माण आणि स्थानिक शासनाचे मंत्री. मग धुराचा मंत्री कोण? मृत्यू आरोग्यमंत्र्यांकडे. कोळसा इंधनमंत्र्यांकडे. बस, मोटारी, रस्ते वाहतूकमंत्री ॲलन लेनॉक्स-बॉइड यांच्याकडे. चिमणीचा धूर नगरपालिकांकडे, आणि नगरपालिका मॅकमिलनकडे, म्हणून हवा त्यांच्या वाट्याला आली. १९५२ च्या ब्रिटनमध्ये पर्यावरण खातं नावाची गोष्टच नाही. मॅकमिलन यांचं सगळं राजकीय भवितव्य वर्षाला तीन लाख घरं बांधून दाखवण्याच्या वचनावर टांगलेलं आहे. सकाळी उठून ते विटांचा हिशेब विचारतात, हवेचा नाही.

त्यांच्या हातातल्या फोल्डरकडे पाहा. वर उत्तराची टंकलिखित ओळ. खाली खात्याच्या अधिकाऱ्यांनी तयार केलेलं टिपण: असं विचारलं तर असं सांगावं, तसं विचारलं तर तसं. अध्यक्षांच्या खुर्चीजवळच्या छोट्या कक्षात तेच अधिकारी कागद सावरून बसलेत; ऐन वेळी काही अडलं तर चिठ्ठी पाठवतील. मंत्री बोलतो तेव्हा प्रत्यक्षात एक अख्खं खातं बोलत असतं, आणि खात्याची पहिली इच्छा असते की जे आहे ते पुरेसं आहे असं सांगून मोकळं व्हावं.

मॅकमिलन यांच्या उत्तराचा आशय अगदी तोच आहे. सध्या आणखी सर्वसाधारण कायद्याची गरज आहे असं त्यांना वाटत नाही. स्थानिक संस्थांकडे अधिकार आहेत, त्यांनी ते वापरावेत. उत्तर सभ्य आहे आणि खोटं नाही. पण त्यात एक मोठी पोकळी आहे. १९३६ च्या आरोग्य कायद्याने दिलेले अधिकार कारखान्यांच्या धुरापुरते. खासगी घराच्या धुराड्याला तो कायदा हात लावत नाही, आणि लंडन कोंडलं त्यात लाखो घरांच्या धुराड्यांचा मोठा वाटा होता. जे अधिकार नाहीतच ते वापरा, असं मंत्री नगरपालिकांना सांगत आहेत. वरून ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, बरोबरच आहे, नगरपालिकाच हलत नाहीत.

इथे पुरवणी प्रश्न येतो. डॉड्स पुन्हा उठतात आणि विचारतात, की गेल्या महिन्यात एकट्या बृहद् लंडनमध्ये हवेने गुदमरून मेलेल्यांची संख्या १९५२ सालात देशभरच्या रस्त्यांवर मेलेल्यांपेक्षा जास्त आहे, हे मंत्र्यांच्या लक्षात येत नाही का?

हा घाव वर्मी बसणारा आहे, कारण रस्त्यावरच्या मृत्यूंची मोजणी सरकार स्वतः करतं. १९५२ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ४,७०६ माणसं मेली. त्यांच्यासाठी खातं आहे, मंत्री आहे, वेगमर्यादा आहे, परवाने आहेत, शाळेत मुलांना रस्ता कसा ओलांडावा ते शिकवतात. मोटारीखाली सापडलेल्या माणसाची जबाबदारी कुणाची यावर सभागृहात वाद होत नाही. धुराने मेलेला माणूस मात्र कुणाच्याच खात्यात नाही. त्याच्या दाखल्यावर ब्राँकायटिस किंवा हृदयविकार लिहिलेलं असतं. डॉड्सनी धूर आणि रस्ता एका वाक्यात आणले आणि सरकारला त्याच्याच मोजपट्टीवर उभं केलं. मॅकमिलन व्यापक आर्थिक बाबींचा विचार करावा लागतो असं सांगतात. अध्यक्ष पुढचं नाव पुकारतात. प्रश्नोत्तरांचा तास कुणासाठी थांबत नाही.

पुरवणी प्रश्नाचं मोल आपल्याला फार उशिरा मिळालं, म्हणून हे सांगावंसं वाटतं. १८९२ च्या कायद्याने हिंदुस्थानच्या कौन्सिलांत प्रश्न विचारायची मुभा दिली, पण फक्त प्रश्न. टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले, गोखले १८९९ मध्ये. सरकारने उत्तर दिलं की विषय संपला, त्यावर उलट विचारायचं नाही. ती वाट १९०९ च्या सुधारणांनी उघडली, तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच. राज्यकर्त्यांना नेमकं ठाऊक होतं की पहिलं उत्तर खातं लिहितं; मंत्र्याला स्वतः विचार करावा लागतो तो दुसऱ्या प्रश्नाला. आजही विधानभवनात ‘हे खरे आहे काय?’ला ‘हे खरे नाही’ आणि त्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशी उत्तरं छापून येतात. एसटीच्या जुन्या गाड्यांचा धूर असो की खाडीत टाकलेला भराव, आमदाराने उपप्रश्नाची तयारी केलेली नसेल तर विषय त्या दोन ओळींतच मिटतो.

परत लंडनला. मे महिना, १९५३. दिवसाचं कामकाज संपताना मिळणाऱ्या अर्ध्या तासाच्या चर्चेत डॉड्स पुन्हा तोच विषय काढतात. सभागृह जवळजवळ रिकामं, पण शॉर्टहँडची वही उघडी आहे. जुलैत सरकार सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमतं. समिती नेमणं म्हणजे वेळ मारून नेणं असं तुम्हाला वाटेल आणि सरकारच्या मनात तेच होतं. त्या नोव्हेंबरमध्ये मॅकमिलन यांनी मंत्रिमंडळासाठी लिहिलेली टिपणी तेव्हा गुप्त होती, आता अभिलेखागारात कुणालाही वाचता येते. आपल्याला फार काही करता येणार नाही, पण खूप कामात असल्याचं दाखवता येईल आणि हल्ली निम्मी लढाई तीच असते, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. जानेवारीत सभागृहात दिलेलं उत्तर कुठल्या मनःस्थितीतून आलं होतं, ते या कागदावरून कळतं. याचा मला आजही राग येतो. चार हजार घरांत माणूस गेल्यानंतर, वर्षही भरत नाही तोच हे लिहिलं गेलं.

पण बीव्हर समितीने काम केलं. १९५४ च्या नोव्हेंबरमधल्या तिच्या अंतिम अहवालाने घरगुती धुराला हात घातला. मग सत्ताधारी हुजूर पक्षाचेच जेरल्ड नॅबारो यांनी खासगी विधेयक आणलं आणि सरकार स्वतःचं विधेयक आणील हे वचन मिळाल्यावरच मागे घेतलं. स्वच्छ हवा कायदा ५ जुलै १९५६ रोजी मंजूर झाला. धूरबंदीचे इलाखे आले, घरातलं चुलाण बदलायला खर्चाचे सात-दशांश अनुदान आलं, रेल्वेची इंजिनंही कायद्याच्या कक्षेत आली. रस्त्यावरच्या मोटारींचा धूर मात्र बाहेरच राहिला. लंडनने आपल्या विजेवर चालणाऱ्या शेवटच्या ट्रामगाड्या त्या धुक्याच्या पाचच महिने आधी, जुलै १९५२ मध्ये, मोडीत काढल्या होत्या आणि त्यांच्या मार्गांवर डिझेलच्या बस आणल्या होत्या. मोटारींच्या धुराचा प्रश्न वाहतूकमंत्र्यांचा की हवेच्या मंत्र्यांचा, हे ठरायला अनेक वर्षं लागली.

शेवटचा थांबा १९५४. आरोग्य मंत्रालयाचा धुक्यावरचा अहवाल तुमच्यापुढे आहे. डिसेंबरमधले सुमारे ४,००० जादा मृत्यू धुक्याचे, असं त्यात मान्य केलंय. पण धुकं उठल्यावर मृत्यूदर खाली आला नाही. जानेवारी ते मार्च तो नेहमीपेक्षा जास्तच राहिला. ते मृत्यू मंत्रालयाने इन्फ्लुएन्झाच्या नावावर टाकले. २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस यांनी जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा इन्फ्लुएन्झाने तेवढे मृत्यू समजावून सांगता येईनात. धुराचे बळी सुमारे १२,००० निघाले.

बेल आणि डेव्हिस यांना लागलेले आकडे नवे नव्हते. १९५३ मध्येही ते आठवड्याच्या आठवड्याला नोंदले जात होते. डॉड्सना आणखी एक पुरवणी मिळाली असती तर आपल्याकडच्या मांडणीत ती अशी लिहावी लागली असती:

(१) जानेवारी ते मार्च १९५३ या कालावधीत बृहद् लंडनमधील आठवडानिहाय मृत्यू मागील वर्षाच्या त्याच आठवड्यांपेक्षा अधिक आहेत, हे खरे आहे काय. (२) असल्यास, त्यापैकी किती मृत्यू इन्फ्लुएन्झामुळे झाल्याचे वैद्यकीय दाखल्यांवर नमूद आहे. (३) उर्वरित मृत्यूंची जबाबदारी कोणत्या मंत्र्यांची आहे?