पेन्शनच्या कागदात सापडणारे पूर्वज

इनामदाराच्या घरी सनद असते, देशमुखाच्या घरी वतनपत्र असते, कुलकर्ण्याच्या घरी निदान जुने दप्तर तरी असते. त्यांना आपल्या घराण्याचा इतिहास लिहायचा म्हटला, तर कोठे हात घालावा हे ठाऊक असते. पण ज्याच्या घरी चार एकर कोरडवाहू जमीन आणि एक बैलजोडी यापलीकडे काही नव्हते, त्याने आपल्या पणजोबाचा शोध कसा घ्यावा? असा प्रश्न कोणी विचारला, तर मी उलट विचारतो की, आपल्या घरातले कोणी पलटणीत होते काय? असेल, तर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढा आणि पेन्शनचे कागद पाहा. गरिबाच्या घराण्याची हकीकत जितकी या कागदात सापडते, तितकी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. हे कागद इतिहासासाठी लिहिलेले नाहीत; ते संशयापोटी लिहिलेले आहेत. सरकारला दरमहा पैसे मोजायचे, तेव्हा पैसे घेणारा माणूस तोच आहे की त्याच्या नावावर दुसराच कोणी उभा आहे, ही सरकारला धास्ती. म्हणून नाव, बापाचे नाव, जात, गाव, तालुका, वय, उंची आणि अंगावरची खूण विचारून घेत. डाव्या गालावर तीळ, कपाळावर जखमेचा वण, असे ते लिहीत. ज्या माणसाचे छायाचित्र कधी निघाले नाही, त्याचा चेहरा अशा एका ओळीत उरलेला असतो. अंगठ्याचा ठसाही याच धास्तीतून आला. बंगालमध्ये हुगळीचे अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८७७ मध्ये पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली; पेन्शनर मेल्यावर त्याच्या नावाने दुसऱ्यानेच पैसे उचलू नयेत, हा हेतू. हयातीचा दाखला मागतात, तोही त्याचसाठी.

आता या कागदांतली सर्वांत मोलाची गोष्ट सांगतो. आपल्याकडच्या वंशावळी पाहा. बाप, मुलगा, नातू, पणतू अशा फांद्या खाली उतरत जातात, पण त्यांत आई कोठेच नसते. फौजी पेन्शनचे मात्र तसे चालत नाही. शिपाई लढाईत कामास आला की, त्याच्यामागे कोण राहिले हे सरकारला विचारावेच लागे. विधवेचे नाव काय, मुले किती, त्यांची वये काय, म्हातारे आईबाप हयात आहेत काय, विधवेने पुन्हा घर केले काय, या प्रश्नांची उत्तरे कागदावर येत. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. जुन्या मराठी कागदांत हा शब्द आला की तेथे थांबावे, कारण त्याच्या आधीचे नाव घरातल्या बाईचे असते. पुष्कळ घरांत पणजीचे नाव कोणालाच सांगता येत नाही. ते असल्याच एखाद्या अर्जाखाली अंगठ्याशेजारी लिहिलेले मिळते.

ही चाल इंग्रजांनीच आणली असे मात्र समजू नये. मराठी राज्यात लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांना जी नेमणूक मिळे, तिला बालपरवेशी म्हणत. तिच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत. हे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्याचे कागद मोडीत आहेत, तेव्हा मोडी शिकण्यास हे एक चांगले निमित्त. पुढे कंपनी सरकारने १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी चालवली, तेव्हा इनाम धारण करणाऱ्यांना आपली कैफियत आणि वंशावळ लिहून द्यावी लागली. म्हणजे तेथेही हक्काच्या पडताळणीतूनच घराण्याचा इतिहास कागदावर आला.

कागद हाती आला, तरी तो वाचताना तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली नावाची. पलटणीच्या कागदात आडनाव असेलच असे नाही. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर भागवलेले असे. ‘बिन’ म्हणजे मुलगा, हे ध्यानात ठेवावे. महार शिपायांच्या नावाला ‘नाक’ हा शब्द जोडलेला असे. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची अशी नावे आहेत. तेव्हा आजचे आडनाव घेऊन जुनी यादी चाळाल, तर हाती काही लागणार नाही.

दुसरी गावाची. इंग्रज कारकुनाने गावाचे नाव कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. शिवाय जिल्हे बदलले. जुन्या कागदात रत्नागिरी जिल्हा लिहिला असेल, तर गाव आज सिंधुदुर्गात असू शकते, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याच वर्षी कुलाब्याचे नाव रायगड झाले. जुन्या सातारा जिल्ह्यातली कित्येक गावे आज सांगलीत आहेत.

तिसरी पलटणीच्या आकड्याची. एकच पलटण, पण तिची नावे तीन. मुंबई पायदळाची ३ नंबरची पलटण १९०३ च्या फेररचनेत १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, आणि १९२२ नंतर ती ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण झाली. हीच ती १७६८ मध्ये उभी राहिलेली ‘जंगी पलटण’. मुंबईकडच्या पुष्कळ जुन्या पलटणींच्या आकड्यात १९०३ मध्ये असेच शंभर मिळवले गेले. आजोबा ३ नंबरात होते आणि चुलत आजोबा १०३ मध्ये होते असे कागद सांगू लागले, तर दोघे एकाच पलटणीत असण्याचा संभव आहे.

एवढे उलगडले की घरातल्या आठवणी जागेवर बसू लागतात. ‘आजोबा बसऱ्याला गेले होते’ असे सातारा-रत्नागिरीकडे कितीतरी घरांत सांगतात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. कूत येथे त्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे तुर्कांच्या हाती गेले. म्हणून कागदात यांपैकी एखादी पलटण आणि १९१६ हे साल दिसले, तर आजोबा कोठे असतील याचा माग लागतो. कोणी परत आला नसेल, तर कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या याद्या पाहाव्यात. त्या आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव आणि गाव आहे. बसऱ्याच्या स्मारकभिंतीवर मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि साध्या शिपायांचे नुसते पलटणवार आकडे. आपल्या गावोगावच्या दगडी पाट्यांचेही तेच. इतके लोक १९१४ ते १९१९ च्या लढाईवर गेले, पैकी इतके कामास आले, एवढेच त्या सांगतात. त्या आकड्यामागची नावे जमवणे हे काम अजून पुष्कळ गावांत शिल्लक आहे.

हे नुसते हौसेचे काम नव्हे. डॉ. आंबेडकरांचे आजोबा मालोजी फौजेत होते. वडील रामजी सुभेदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि कुटुंब महूहून दापोलीला, मग साताऱ्याला आले. त्याच सुमारास महारांची फौजेतली भरती बंद पडली. तेव्हा दापोलीचे पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्जाचा मसुदा केला आणि आपल्या लोकांनी केलेल्या चाकरीचा दाखला पुढे ठेवला. आजोबाची चाकरी हे नातवाच्या हक्काचे साधन होऊ शकते, हे त्या पेन्शनरांना चांगले कळत होते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, याची सुरुवात आपल्या वर्गात करता येईल. गावच्या पाटीवरचा आकडा फळ्यावर लिहा आणि मुलांना घरी विचारून यायला सांगा. जुने पेन्शनबुक, पदकाच्या कडेवर कोरलेले नाव व नंबर, नाव कटल्याचा दाखला, जे मिळेल ते उतरून घ्या. मूळ कागद घरीच राहू द्या. त्याला चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. नंबर आणि पलटण कळली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन पुढची वाट विचारा. मराठा पलटणीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार पलटणीचे मध्य प्रदेशात सागरला.

आणि मुलांनी वहीत पणजोबाचे नाव लिहिले, की खाली एक ओळ मोकळी ठेवायला सांगा. ती पणजीच्या नावासाठी. ते घरी कोणाला आठवले नाही, तर पेन्शनच्या कागदात पाहायला सांगा.