ग्राफिक्स चिप आणि कॅशचा मेळ

संगणकाचा प्रोसेसर मुख्य मेमरीतील माहितीची प्रत 'कॅश' या वेगवान मेमरीत ठेवतो. बदल आधी कॅशमध्ये होतो; मुख्य मेमरीत तो नंतर उतरतो. ग्राफिक्स चिप मात्र अनेकदा थेट मुख्य मेमरी वाचते. दोन्हींत तफावत राहिल्यास पडद्यावर जुने किंवा विस्कटलेले चित्र उमटते. हा मेळ राखण्याची जबाबदारी कर्नलमधील ड्रायव्हरवर असते.

ती निसटली तर काय होते, हे २००२ मध्ये लिनक्स वापरणाऱ्यांनी अनुभवले. एएमडी अ‍ॅथलॉन प्रोसेसर आणि एजीपी कार्ड असलेले संगणक अचानक ठप्प होत. मेमरीचा एकच भाग एका नोंदीत कॅशयोग्य, तर दुसऱ्या नोंदीत कॅशबाह्य होता. प्रोसेसरने केवळ अंदाजाने कॅशमध्ये आणलेली जुनी प्रत पुन्हा मेमरीत लिहिली जाई आणि नवी माहिती पुसली जाई. कर्नलची ४ एमबीची मोठी पाने बंद करणे, हा तात्पुरता उपाय ठरला.

इंटेलच्या २०११ मधील 'सँडी ब्रिज'मध्ये प्रोसेसर व अंतर्भूत ग्राफिक्स चिप यांनी एकच कॅश वाटून घेतली. पडद्याकडे चित्र पाठवणारे सर्किट मात्र तिच्याबाहेरच राहिले. त्यामुळे ड्रायव्हरचे काम हलके झाले, संपले नाही.