शितावाचून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. एकाची पारख करावी आणि त्यावरून समूहाविषयी अनुमान बांधावे, ही त्यातली रीत. डोळ्याची रीत मात्र उलटी असते, आणि हे ध्यानात यायला मानसशास्त्राला मोठा पल्ला गाठावा लागला.

विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ साली ‘नेचर’मध्ये एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. घेवड्याचे काळे दाणे पांढऱ्या खोक्यात टाकायचे, एका दृष्टिक्षेपात संख्या सांगायची आणि मग मोजून पडताळायची. असे त्याने १,०२७ वेळा केले. चार दाण्यांपर्यंत तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या. नजरेत एका वेळी किती वस्तू मावतात, हाच प्रश्न पुढे दीर्घकाळ प्रमुख राहिला.

२००१ साली डॅन एरिएली यांनी प्रश्नच बदलला. लहानमोठ्या वर्तुळांचा समूह क्षणभर दाखवून त्यांनी विचारले, अमुक वर्तुळ त्यात होते काय? उत्तरे जवळपास अंदाजपंचे आली. मग दुसरा प्रश्न : हे वर्तुळ समूहाच्या सरासरीहून मोठे की लहान? येथे मात्र उत्तरे बरीच अचूक होती. शिते हरवली होती, भात कळला होता. चोंग आणि ट्राइसमन यांच्या २००३ च्या प्रयोगांत यासाठी सेकंदाचा विसावा भागही पुरला. २००७ मध्ये हेबरमन आणि व्हिटनी यांनी दाखवले की चेहऱ्यांच्या घोळक्यातली सरासरी भावनाही आपण अशीच टिपतो.

सरासरी चेहऱ्याचा मोह जुनाच. गुन्हेगाराचा ‘नमुना’ सापडावा म्हणून फ्रान्सिस गॉल्टनने १८७८ च्या सुमारास कैद्यांची छायाचित्रे एकमेकांवर छापली. उमटला तो मूळच्या चेहऱ्यांहून सौम्य, सभ्य माणूस. एकेकाचे वैगुण्य त्यात पुसले गेले होते, आणि एकेक माणूसही.

आम्ही शिक्षक हेच रोज करतो. वर्गात पाऊल टाकताच ‘आज वर्ग मरगळलेला आहे’ हे आम्हांला कळते, आणि बहुधा ते खरेही असते. पण शेवटच्या बाकावर रडून आलेली एखादी मुलगी त्या जाणिवेत विरून गेलेली असते. हजेरी आम्हांला एरवी कारकुनी वाटत आली. आता मात्र एकेक नाव उच्चारताना आम्ही मान वर करून त्या चेहऱ्याकडे पाहतो.